बोर्डावरचं कुंकू

कॉम्प्युटर बिघडला की ‘फॉरमॅट मारून टाक’ म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही भांडते. फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. घरात झुरळ दिसलं म्हणून कोणी चाळ पाडत नाही. पण डिस्क वाचता येत नाही म्हटलं की भलेभले झाडू घेऊन उभे राहतात. माझ्या या भांडखोरपणामागे एक जुनी हकिकत आहे. ती सांगायची तर आधी माझं दुकान सांगावं लागेल, आणि दुकान सांगायचं तर बाबा.

लालबागला आमच्या चाळीत जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे कोळसा ठेवायचे, नंतर मंडळाचे ढोल-ताशे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मी परळच्या एका दुकानात दुरुस्तीचं काम केलं, मालकाशी पटेना म्हणून ते सोडलं आणि ही खोली मागून घेतली. एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणला, एक प्रिंटर आणला. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, मुलींचे बायोडेटा टाइप करून द्यायचे आणि मधल्या वेळात लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर उघडायचे. ‘पोरगी दिवसभर स्क्रू पिळत बसते, हिच्याशी लग्न कोण करणार’ असं चाळीतल्या बायका माझ्या आईला ऐकवायच्या. आई म्हणायची, ‘ज्याचो स्क्रू ढिलो असात तो करतलो.’ हट्टीपणा मी कुणाकडून घेतला हे वेगळं सांगायला नको.

बाबा गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग. साचेखात्यात कापड विणलं जायचं आणि त्या खात्याला गिरणीत मोठा मान होता. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. तो कधी संपला हे मला आजही कुणी नीट सांगू शकलेलं नाही, कारण आमच्या घरी तो संपलाच नाही. गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. त्यांनी पुढे शिवडीला एका गोदामावर रखवालदारी केली, तीही सुटली, आणि मी दुकान काढलं तेव्हा ते दाराशी स्टूल टाकून बसू लागले. शटरची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. गिरणीचा भोंगा कधीच बंद झाला होता, तरी बाबा भोंग्याच्या वेळेला उठायचे आणि अंधारात गॅलरीत जाऊन उभे राहायचे. ‘आता खंयचो भोंगो वाजतलो हा? झोपा वायच,’ आई अंथरुणातूनच ओरडायची. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आमच्या समोर, मधे फक्त एक गल्ली सोडून, दुसरी चाळ होती. तिथे बौद्ध कुटुंबं राहायची. गॅलरीला गॅलरी अशी लागलेली की तिकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका. पण जाणं-येणं बेताचंच. तिथे म्युनिसिपालटीच्या शाळेतल्या एक बाई राहत होत्या. आख्खा लालबाग त्यांना बाईच म्हणायचा, मीही. त्या टेपरेकॉर्डर घेऊन आसपासच्या चाळींतून हिंडायच्या आणि आपल्या समाजातल्या म्हाताऱ्यांची गाणी टेप करायच्या: पाळणे, जात्यावरच्या ओव्या, मोर्च्यातली गाणी, संपातली गाणी. मग ती टेप माझ्याकडे आणायच्या, शेजारी बसून वाजवायच्या आणि मी टाइप करायची. कॅसेटी मोजक्याच होत्या. एकीवरचं टाइप करून झालं की त्याच कॅसेटवर पुढच्या म्हातारीला टेप करायचं, अशी आमची पद्धत पडली होती. डिसेंबरात दादरला चैत्यभूमीपाशी पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे आपलं पुस्तक ठेवायचं हे बाईंनी ठरवलंच होतं.

त्या गाण्यांत बाईंच्या स्वतःच्या आईची बरीच होती. म्हातारी बाबांच्याच गिरणीत, पण नळीखात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. पुस्तकाचं काम चालू असतानाच पावसाळ्यात ती गेली. तिची एक ओवी मी टाइप केली तेव्हा बाईंनी टेप बंद केली होती आणि बराच वेळ पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

भोंगा न्हाई वाजला, तरी उठते पहाटं
डबा भरूनशान बसते, सांग धरू कंची वाटं

‘पुस्तकाचं पहिलं पान हेच,’ बाई म्हणाल्या. मी मान हलवली. गिरणगावात राहून ती ओवी कळली नाही असं कोण म्हणेल?

मग दसरा आला.

गिरण्या चालू होत्या तेव्हा खंडेनवमी-दसरा हा गिरणगावातला खरा सण. त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत जाऊन गिरणी बघायला मिळायची. एका दसऱ्याला बाबांनी मला त्यांचा साचा दाखवला होता. बाकीच्यांनी साच्याच्या दर्शनी लोखंडाला हार घालून कुंकू लावलं होतं. बाबांनी मात्र वाकून, बाही वर सारून, खाली जिथे मुख्य दांडा फिरतो तिथे बोट घातलं आणि लावलं. ‘तोंडाक पिंजर लावन काय करतलंस?’ पिंजर म्हणजे कुंकू. ‘जंयसून चलता थंय लावूक होयी.’ त्यांच्या खात्यातले सगळे जुने साचेवाले तसंच करायचे म्हणे.

त्या वर्षी खंडेनवमीला ते सकाळीच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दुकानात आले. हातात ताट, ताटात झेंडूचा हार, अक्षता आणि वाटीत ओलं कुंकू. संपानंतर मी त्यांना यंत्राच्या पूजेचं ताट घेतलेलं पहिल्यांदा बघत होते. मला इतकं बरं वाटलं की मी हातातलं काम टाकलं. आत नवा पंखा बसवायचा म्हणून माझ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडंच होतं. बाबा आत डोकावले.

‘ह्या खंयसून चलता गो?’

मला असं कुणी विचारलं की मी थांबत नाही. मी त्यांना बोर्ड समजावून दिलं. बोर्डावर प्रोसेसर असतो, तो हिशेब करतो, पण बाकीच्या घराची व्यवस्था बघायला दोन मोठ्या चिप्स असतात. वरची मेमरीचं बघते. खालची म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली वहिनी: डिस्कची चपटी केबल तिच्या हातात, कीबोर्ड तिच्याकडे, घड्याळ तिच्याकडे. घड्याळंही दोन. एक यंत्र चालू असताना ठोके देतं आणि त्या ठोक्यांवर सगळी कामं पुढे सरकतात. दुसरं यंत्र बंद असतानाही चालू राहतं. त्याला बटणाएवढा सेल पुरतो. शेजारच्या चंदेरी क्रिस्टलच्या थरथरण्यावर ते वेळ मोजत बसतं. त्याच सेलवर चिपमध्ये थोडी आठवणही जपलेली असते, म्हणजे आपल्याकडे कुठली डिस्क आहे आणि ती कशी मोजायची, एवढी. बाबांनी सगळं मन लावून ऐकलं. ‘बंद आसताना पण घड्याळ चलता?’ त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मी हो म्हटलं आणि आईने बोलावलं म्हणून नैवेद्याचं ताट आणायला वर गेले.

मी खाली आले तेव्हा झाकण लागलं होतं, वर हार होता, आणि बाबा हात जोडून उभे होते. मीही नमस्कार केला.

दसरा झाला, दुकान उघडलं, आणि घड्याळ मागे पडायला लागलं. सकाळी कॉम्प्युटर चालू करावा तर पडद्यावरची वेळ मागची. वेळ लावून द्यावी तर दिवसभर बरोबर चालायचं. पण बंद करून दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा मागे. सेल संपला असेल म्हणून नवा घातला. फरक नाही. मंडळाचे अहवाल छापायची घाई होती, म्हणून मी ते तसंच चालवून घेतलं. मग एका सकाळी पडद्यावर आलं की आधीची सगळी मांडणी पुसली गेली आहे, आता मूळची घातली आहे. आणि त्याखाली, डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?

मी बटण दाबून यंत्र बंद केलं.

गाण्यांची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती असं नाही. प्रत्येक आठवड्याचं काम फ्लॉपीवर उतरवून डब्यात ठेवत होते. तो डबा उघडला तर फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी धरलेली. लालबागच्या पावसाळ्यात चपलांवर, पापडांवर, देवांच्या तसबिरींवर बुरशी धरते. फ्लॉप्यांनी काय घोडं मारलं होतं? एकही धड वाचता आली नाही. छापलेली पानं होती ती सुरुवातीची. बाईंच्या आईची सगळी गाणी नंतरची. त्या कॅसेटींवर तोवर दुसऱ्या म्हाताऱ्या टेप झाल्या होत्या, म्हणून ती फक्त डिस्कवर.

बाईंना मी खरं तेच सांगितलं: डिस्क उघडत नाही, मी उघडून दाखवते. त्या शाळेत निघाल्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि सोडला.

डिस्क टॉवेलात गुंडाळून मी गिरगावच्या अलीकडे लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे एक ओळखीचे दुकानदार होते, या धंद्यात माझ्याआधीपासूनचे आणि मनाने चांगले. त्यांनी डिस्क आपल्या बोर्डाला जोडली. पडद्यावर तेच: फॉरमॅट करायची का?

‘गेली गं ही. फॉरमॅट मार आणि मोकळी हो. वापरायला तरी येईल.’

‘नाही मारायची.’

‘अगं, दोन मशीनवर एकच रिझल्ट आलाय. आता काय मुहूर्त बघणार?’ त्यांचं बोट कीबोर्डवर सहजच होतं, पण मी त्यांचा हात धरला आणि केबल ओढून काढली. दुकानातली चार माणसं बघत राहिली. ‘बाई आहेस का वाघीण?’ ते हसून म्हणाले. मी सॉरी म्हटलं नाही. वापरायला एक रिकामी डिस्क आणि चिप साफ करायच्या स्पिरिटची बाटली मात्र मागून घेतली. दोन्ही त्यांनी दिल्या.

परतीच्या बसमध्ये मांडीवर टॉवेल घेऊन बसले आणि रडू आलं. रडता रडताच डोकं चालत होतं, कारण एक गोष्ट मला बोचत होती. घड्याळ आधी बिघडलं होतं, डिस्क नंतर. डिस्क खराब झाली तर घड्याळ मागे का पडेल? डिस्कला घड्याळाशी काही देणंघेणं नाही. त्या दोघांची गाठ पडते ती एकाच जागी, खालच्या चिपमध्ये. घड्याळ आणि डिस्क मोजायची आठवण एकाच घरात राहतात आणि एकाच सेलवर जगतात. म्हणजे दुखणं डिस्कचं नसेलच. चिपला स्वतःची आठवण धरवत नसेल. आणि आठवण गेल्यावर ती डिस्क चुकीच्या पद्धतीने मोजत असेल.

हे मोजण्याचं प्रकरण चाळीत राहणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या चाळीत खोल्यांचे नंबर तळमजल्यापासून वरपर्यंत सलग होते. समोरच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर नंबर पुन्हा एकपासून. नवीन पोस्टमन आला की पत्रं भलत्याच दारात. खोल्या जागच्या जागी, माणसं जागच्या जागी, फक्त पोस्टमन चुकीचा हिशेब करतोय. डिस्कमधल्या जागा मोजायच्याही तेव्हा अशाच तीन पद्धती होत्या, आणि ही डिस्क ज्या ऑफिसात पहिल्यांदा भरली गेली तिथे त्यांनी कुठली लावली होती कोण जाणे. दुकानदारांच्या बोर्डाने सवयीने नेहमीची लावली, माझ्या बोर्डाने आठवण गेल्यावर नेहमीचीच लावली, आणि दोघांनी एकच चूक केली. लालबागला बस थांबली तोवर माझं रडू थांबलं होतं आणि मला भयंकर राग आला होता. रागावले की माझं काम चांगलं होतं.

दुकानात शिरले, बोर्ड बाहेर काढलं आणि दारातल्या उजेडात धरलं. बाबा स्टुलावरून बघत होते. खालच्या चिपच्या चारी बाजूंनी कंगव्याच्या दातांसारखे बारीक पाय असतात. त्या पायांच्या मधे लाल होतं. चिपच्या पाठीवर बोटांचे ठसे, सुकलेले, लाल. एक ओघळ शेजारच्या चंदेरी क्रिस्टलच्या पायांपर्यंत गेला होता, आणि त्यात एक तांदळाचा दाणा चिकटला होता.

ओलं कुंकू, आणि वर लालबागची दमट हवा. त्या लेपातून सेलचा जीव थेंबाथेंबाने गळत होता. क्रिस्टलला तर इतकासाही लेप सोसत नाही. त्याची थरथर मंदावली म्हणून घड्याळ मागे पडत होतं.

‘काय झाला गो?’ बाबांनी विचारलं.

मी उत्तर देणार एवढ्यात बाई आल्या. शाळेतून थेट आल्या होत्या, पर्स खांद्यावरच. त्यांनीही तेच विचारलं. मला खोटं सांगता आलं असतं. दमट हवा आहे, जुनं बोर्ड आहे, पन्नास कारणं होती. पण गाणी त्यांची होती. मी म्हटलं, ‘बाबांनी खंडेनवमीला चिपवर कुंकू लावलं. त्याने झालंय.’

बाईंनी बोर्डाकडे बघितलं, मग बाबांकडे. त्या ओरडल्या नाहीत. शाळेतल्या बायका ओरडत नाहीत तेव्हाच जास्त लागतं.

‘माझे वडील तुमच्याच गिरणीत होते,’ त्या म्हणाल्या. ‘रिंगखात्यात, सूत कातायला. त्यांना साचेखात्यात यायचं होतं, तिथे पगार बरा होता. घेतलं नाही. का ते तुम्हाला माहीत आहे. साच्यावर नळी बदलली की धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागायचा ना. आमच्या तोंडाचा धोटा तुमच्या तोंडाला कसा चालणार! जन्मभर ते तुमच्या खात्याच्या दारावरून गेले. आता आईची गाणी तेवढी उरली होती, तर त्यांच्यावरही तुमचंच कुंकू?’

मला वाटलं, बाबा म्हणतील की ते माझ्या आधीच्या काळातलं, मी कुणाला अडवलं नाही. तेही खरंच होतं. पण ते स्टुलावरून उठले, चप्पल पायात घातली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले. बाईही गेल्या. त्यांच्या पाठोपाठ जाऊन कुणाकुणाला काय काय समजावणार होते मी? माझ्यापुढे बोर्ड होतं. त्या दोघांसाठी मला करता येण्यासारखी गोष्ट ती एकच होती.

दाढीचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून मी एकेका पायाच्या फटीतून कुंकू काढलं. घासायचं नाही, पाय वाकला तर संपलं. लाल पाणी कापसाने टिपायचं, पुन्हा ब्रश. तांदळाचा दाणा सुईने सोडवला. मग बोर्ड टेबलफॅनसमोर ठेवलं आणि समोर बसून राहिले, हातात काही नको म्हणून हात मांडीखाली घेऊन. आई चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला. ‘ते खंय गेले?’ तिने विचारलं. मला माहीत नव्हतं.

बोर्ड वाळल्यावर सगळं जोडलं. मनाशी एकच नियम ठरवला होता: डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, फक्त वाचून बघायचं. नव्या फ्लॉपीवरून यंत्र चालू केलं. मोजायची पहिली पद्धत लावली. वाचता येत नाही. दुसरी लावली. फॉरमॅट करायची का? ‘तुझ्या बापाची आहे का?’ मी पडद्याला मोठ्याने विचारलं. शेजारचा इस्त्रीवाला डोकावून गेला. तिसरी लावली.

पडद्यावर नावांची रांग खाली उतरली. लग्नपत्रिका, अहवाल, आणि गाण्यांची सगळी पानं. मी पहिलं उघडलं. भोंगा न्हाई वाजला, तरी उठते पहाटं. एकही काना-मात्रा हलली नव्हती. आधी सगळंच्या सगळं उसन्या डिस्कवर उतरवलं, ते उघडून पाहिलं, आणि मगच टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

मग गल्ली ओलांडून समोरच्या चाळीत धावले. जिना चढताना मला वर कुणीतरी गाताना ऐकू आलं. आवाज पुरुषाचा, घोगरा, आणि ओव्या म्हणायची सवय नसलेला. बाईंचं दार उघडं होतं. आत चटईवर बाबा बसले होते, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर टेपरेकॉर्डर चालू होता. बाई कॉटच्या कडेवर बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. बाजूला चहाचे दोन रिकामे कप. बाबा त्या चाळीचा जिना कधी चढले होते असं मला तरी आठवत नाही.

मला बघून बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मी दारातच थांबले.

बाबा तीच ओवी गात होते. आमच्या मालवणी तोंडाला न बसणारे शब्द, म्हातारीचे जसेच्या तसे. दोन ओळी झाल्या. मला वाटलं संपलं, कारण डिस्कवर दोनच होत्या, टेपवरही म्हातारीने दोनच म्हटल्या होत्या. बाबांनी श्वास घेतला आणि पुढे म्हटलं:

समोरल्या गॅलरीत, साचेवाला दादा जागा
तुटला गं दोघांचाबी एका गिरनीचा धागा

बाईंनी टेप बंद केली.

‘या ओळी आईने मला कधी म्हणून दाखवल्या नाहीत,’ त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. ‘हे आले आणि म्हणाले, यंत्रातलं मला काही करता येत नाही, पण तुमच्या आईचं एक गाणं माझ्याकडे आहे, तेवढं लिहून घ्या.’

‘रोज म्हणा होती,’ बाबा म्हणाले. ‘संप झालो तेवापासून. सकाळची भोंग्याच्या टायमाक मी थयसून गॅलरीत येय, ती हयसून. काळोख आसायचो. ती डबो घासा होती आणि म्हणा होती. पाठ झाला.’

मला आई आठवली, अंथरुणातून ओरडणारी. इतकी वर्षं आम्ही समजत होतो, बाबा अंधारात उगाच उभे असतात.

‘बाई, गाणी मिळाली,’ मी म्हटलं. ‘सगळी आहेत.’ बाईंनी मला मिठी मारली. बाबांनी वर छताकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले, कुणाला कोण जाणे. मग हात खाली घेऊन मला म्हणाले, ‘फुडल्या दसऱ्याक माका जागा दाखव. पिंजर लावची नाय अशी.’

बाई डोळे पुसत हसल्या. मग त्यांनी माझ्याही मनात आलेलं, पण मला विचारायचं धाडस झालं नसतं असं विचारलं. ‘तिने तुम्हाला दादा म्हटलं होतं. तुम्ही रोज ऐकत होता. मग एकदाही हाक का नाही मारलीत?’

बाबांनी गुडघ्यांवरच्या हातांकडे बघितलं.

‘भोंगो वाजाची वाट बघी होतंय, बाई,’ ते म्हणाले. ‘वाजलो असतो तर रस्त्यार गाठ पडली असती.’